वार आत का ठेवली? : उदरपोकळीतील गर्भधारणेविषयी काही माहिती

सालाबादप्रमाणे या अहवालात, कार्यवृत्तांत संपून जमाखर्चाची पत्रके सुरू होण्यापूर्वी, रुग्णालयात हाताळलेल्या एखाद्या आजाराची माहिती सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा भाषेत देण्याचा आपला प्रघात आहे. बहुतेक वेळा हा लेख आमच्या डॉक्टरांपैकी कोणीतरी लिहितात. या वर्षी तो मी लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो बिले, औषधांची खरेदी, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि नातेवाइकांच्या तक्रारी यांच्या मार्गाने. प्रस्तुत विषयही तक्रारीच्याच मार्गाने माझ्या टेबलावर आला. लेखातील वैद्यकीय मजकूर स्त्रीरोग व प्रसूती विभागाच्या प्रमुखांनी तपासून दिला आहे. तरीही काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे.

तक्रार वहीच्या कागदावर, हाताने लिहिलेली होती. लिहिणारे गृहस्थ रुग्ण स्त्रीचे सासरे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ‘सूनबाईच्या पोटाचे ऑपरेशन तुमच्याकडे झाले. मूल गेलेलेच होते, ते काढले. पण वार आत ठेवली. आता तीन महिन्यांनी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली तर नारळाएवढी गाठ निघाली आहे. तेथील डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करा म्हणतात. आम्ही अनामत पूर्ण भरू शकलो नाही म्हणून आपण ऑपरेशन अर्धवट सोडले काय, याचा खुलासा व्हावा.’

हे पत्र मी दोनदा वाचले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत अनेक तक्रारी पाहिल्या, परंतु पैसे कमी पडले म्हणून शस्त्रक्रिया अर्धवट सोडली, असा संशय आपल्या संस्थेविषयी कोणाच्या मनात यावा, हे मला फार लागले. खुलासा देणे माझे काम होते आणि तो देण्यासाठी आधी मला स्वतःला समजून घेणे भाग होते. जे समजले ते येथे मांडतो. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील दिलेला नाही आणि लेख छापण्यास कुटुंबाची संमती घेतलेली आहे.

आपल्या बोलण्यात ‘पोटात बाळ आहे’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक बाळ पोटात नसते. ते गर्भाशयात, म्हणजे बायका जिला ‘पिशवी’ म्हणतात त्या जाड स्नायूंच्या कोषात असते. पोटाच्या पोकळीत आतडी, यकृत, प्लीहा इत्यादी अवयव असतात आणि गर्भाशय त्यांच्या खाली, ओटीपोटात, आपले स्वतंत्र घर करून असते. स्त्रीबीज बीजकोशातून सुटते, गर्भनलिकेत फलित होते आणि काही दिवसांत गर्भाशयात येऊन रुजते. हा प्रवास अडला आणि गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला तर त्यास अस्थानी गर्भधारणा म्हणतात. शंभर गर्भधारणांत साधारण एक ते दोन अशा असतात. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेतच अडकलेल्या असतात. नळी फुटून आत रक्तस्राव होतो, रुग्ण पांढरीफटक होऊन येते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. असे रुग्ण आपल्याकडे दर वर्षी येतात व त्याविषयी आमच्या डॉक्टरांनी पूर्वी याच पानांवर लिहिलेले आहे.

अस्थानी गर्भधारणांपैकी सुमारे एक टक्का मात्र खरोखरच ‘पोटात’ असतात. गर्भ नळीतही नसतो आणि पिशवीतही नसतो. तो उदरपोकळीत आतड्यांच्या शेजारी वाढतो. अमेरिकेत १९७० ते १९८३ या काळातील नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख जिवंत जन्मांमागे अशा सुमारे अकरा गर्भधारणा आढळल्या आणि दर हजार रुग्णांमागे पाच माता दगावल्या. पाच हा आकडा लहान वाटेल; तथापि गर्भाशयातील सर्वसाधारण गर्भधारणेशी तुलना करता हा धोका सुमारे नव्वद पट, आणि नळीतील गर्भधारणेशी तुलना करता सात ते आठ पट होता.

गर्भ तेथे पोहोचतो कसा, हा प्रश्न मीही विचारला. बहुतेक वेळा तो आधी नळीतच रुजलेला असतो. नळी फाटते, किंवा तिच्या टोकातून गर्भ बाहेर ढकलला जातो, आणि एरवी तेथेच संपणारी ही गर्भधारणा क्वचित् तग धरते. वारेचे धागे मिळेल त्या जागी, म्हणजे गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूवर, आतड्यावर, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर, अगदी विरळा यकृतावर किंवा प्लीहेवर रुजतात आणि तेथून रक्त ओढू लागतात. नळी फुटल्याचे दुखणे कित्येकदा ‘पोटात वात धरला’ म्हणून अंगावर काढलेले असते. गर्भ थेट उदरपोकळीतच रुजल्याची उदाहरणे त्याहूनही दुर्मिळ आहेत. तसे ठरवण्याचे निकष स्टडिफोर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९४२ साली घालून दिले : दोन्ही नळ्या व बीजकोश निर्दोष असावेत, गर्भाशयातून बाहेर वाट पडलेली नसावी, आणि गर्भ केवळ उदराच्या आवरणावरच, इतक्या आरंभी रुजलेला असावा की नळीतून येऊन बसल्याची शंकाच उरू नये. ज्या स्त्रियांच्या नळ्यांना पूर्वी जंतुसंसर्ग झाला आहे, ज्यांची नळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, आधी एकदा अस्थानी गर्भ राहिला होता किंवा टेस्ट ट्यूब पद्धतीचे उपचार झाले आहेत, त्यांच्यात हा संभव अधिक. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हेही नळ्या खराब होण्याचे एक कारण आहे.

हा प्रकार वैद्यकशास्त्राला नवीन नाही. दहाव्या-अकराव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा येथील शल्यवैद्य अल-जहरावी यांनी पोटावरील गळवातून गर्भाची हाडे बाहेर आल्याचे लिहून ठेवले आहे. फ्रान्समधील सांस येथे १५८२ साली ६८ वर्षांच्या एका मृत स्त्रीच्या उदरात दगडासारखा कठीण झालेला गर्भ सापडला. तो तिने २८ वर्षे बाळगला होता. मृत गर्भ शरीराबाहेर पडू शकला नाही तर शरीर त्यावर चुन्याचे थर चढवून त्याला जणू वेगळे ठेवते, असे डॉक्टर सांगतात. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. २०१४ साली नागपूर येथे मध्य प्रदेशातून आलेल्या, साठी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या पोटातून सुमारे ३६ वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. गर्भ पिशवीबाहेर आहे हे तिला तरुणपणीच सांगण्यात आले होते, परंतु ऑपरेशनच्या भीतीने ती गावी परतली, असे वृत्तपत्रांतून त्या वेळी आले होते. लोकांनी ती बातमी नवल म्हणून वाचली. मला तीत रुग्णाशी बोलण्याचे काम कोठेतरी अपुरे राहिले असावे असे दिसते.

आता आमच्या रुग्णाकडे वळतो. ती पाचव्या महिन्यात आली. त्यापूर्वी तिची दोन वेळा सोनोग्राफी झाली होती. दुसऱ्या वेळी गर्भाचे ठोके थांबल्याचे कळले आणि कळा येण्यासाठी औषधे देण्यात आली. कळा आल्या नाहीत. पुन्हा दिली, तरी नाहीत. तेव्हा तिला आमच्याकडे पाठवण्यात आले. आमच्या डॉक्टरीणबाईंना पहिली शंका आली ती याच गोष्टीमुळे. औषधाने गर्भाशय आकुंचन पावते व गर्भ बाहेर पडतो. परंतु गर्भ पिशवीत नसेलच तर पिशवीने कितीही जोर केला तरी बाहेर काय पडणार? याशिवाय रुग्ण पहिल्यापासून पोटदुखी सांगत होती. बाळ हलले की दुखते, असेही तिने सासूबाईंना सांगितले होते. ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’, असे म्हणून घरच्यांनी ते मनावर घेतले नव्हते. तपासताना बाळाचे अवयव पोटाच्या कातडीखालीच असावेत इतके स्पष्ट हाताला लागत होते व मूल आडवे होते. ही सर्व या आजाराची लक्षणे होत. मात्र यांतले एकेक लक्षण सर्वसाधारण गरोदरपणातही आढळते. म्हणून एकेकट्याने ते कोणालाच काही सांगत नाही.

आधीच्या दोन सोनोग्राफींत हे कसे दिसले नाही, असा प्रश्न सासऱ्यांनीही केला. येथे कोणास दोष देण्याचा माझा हेतू नाही. पुष्कळ रुग्णांत हे निदान पोट उघडल्यावरच होते, असे जगभरचे डॉक्टर लिहितात. सोनोग्राफी करणाऱ्याचे लक्ष बाळावर असते : ठोके, डोके, मांडीच्या हाडाची लांबी, वार, पाणी. बाळाभोवती गर्भाशयाची भिंत आहे की नाही, हे आवर्जून पाहावे लागते. ते पाहण्याचे मुद्दे १९८१ सालीच वैद्यकीय साहित्यात मांडले गेले आहेत : गर्भ गर्भाशयापासून वेगळा दिसणे, गर्भ आणि मूत्राशय यांच्यामध्ये गर्भाशयाची भिंत न दिसणे, बाळाचे अवयव आईच्या पोटाच्या भिंतीस अगदी लागून असणे, मूल विचित्र स्थितीत असणे, वार गर्भाशयाबाहेर असणे. तीन महिन्यांच्या आत तपासणी झाली तर हे तुलनेने सोपे असते. पुढे गर्भ वाढून सर्व जागा व्यापतो आणि रिकामे गर्भाशय एका कोपऱ्यात दबून जाते.

एक गोष्ट प्रशासकाच्या नजरेने सांगतो. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी कायद्यानुसार एफ फॉर्म भरावा लागतो. आमची एक कर्मचारी त्यातच दिवसभर गुंतलेली असते. त्या फॉर्मवर सोनोग्राफीच्या कारणांची जी यादी छापलेली आहे, तिच्यातले पहिलेच कारण गर्भ गर्भाशयात आहे की अस्थानी आहे हे पाहणे, असे आहे. इतकी वर्षे त्या कागदांचे गठ्ठे मी वेळेवर पोहोचवत आलो, परंतु पहिली ओळ अशी का असावी याचा विचार मी या पत्रानंतर केला.

आमच्या रेडिओलॉजिस्टनी सोनोग्राफीत रिकामे गर्भाशय दाखवले आणि मग एम.आर.आय. करण्यात आला. या तपासणीत क्ष-किरण नसतात. तिचा मोठा उपयोग निदान पक्के करण्यापेक्षाही वार कोठे कोठे चिकटली आहे त्याचा नकाशा मिळण्यासाठी होतो. वार आतड्याच्या काही भागावर आणि ओटीपोटाच्या मागच्या भिंतीवर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जवळ पसरलेली होती.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी कुटुंबाला बोलावून सांगितले, ‘बाळ पिशवीत नाही, पोटात आहे.’ त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘अहो, बाळ पोटातच असतं की!’ त्या खोलीत मीही होतो. त्या क्षणी कोणाच्या लक्षात आले नाही, परंतु पुढच्या सर्व गैरसमजाचे मूळ त्या एका वाक्यात होते. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटले की आपण सांगितले आणि त्यांना वाटले की आपल्याला समजले.

उपचार काय करायचा हे गर्भ किती दिवसांचा आहे यावर बरेचसे अवलंबून असते. अगदी आरंभी निदान झाले तर दुर्बिणीतून गर्भ काढता येतो. काही निवडक रुग्णांत मेथोट्रेक्सेट या औषधाचाही वापर होतो, परंतु नळीतील गर्भासाठी ते जितके खात्रीने लागू पडते तितके येथे पडत नाही. पुढच्या महिन्यांत उदर उघडण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते. बाळ जिवंत असेल तर प्रश्न फार अवघड होतो. अशी बाळे पूर्ण वाढून सुखरूप जन्मल्याची उदाहरणे आहेत, आणि कोणत्याही कुटुंबाने ती आशा धरणे स्वाभाविक आहे. परंतु यांतील बहुसंख्य बाळे जगत नाहीत. भोवती पिशवीचे व पुरेशा पाण्याचे संरक्षण नसल्याने दाबामुळे चेहरा, हातपाय, सांधे यांत व्यंग राहते, फुप्फुसांची वाढ खुंटते. जन्मलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश बाळांत अशी व्यंगे नोंदलेली आहेत. आईच्या पोटात केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गर्भ लहान असताना निदान झाले तर बहुधा वाट न पाहण्याचाच सल्ला देतात. बाळ जगण्याजोगे होण्याच्या जवळ आले असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर तिला रुग्णालयातच ठेवून, रक्त हाताशी ठेवून, काही आठवडे थांबल्याची उदाहरणे आहेत. हा निर्णय डॉक्टर आणि कुटुंब मिळून घेतात. आमच्या रुग्णाच्या बाबतीत, दुःखाची गोष्ट म्हणावी लागेल, तो प्रश्न आधीच मिटलेला होता.

आता वारेचा प्रश्न. घरातील वडीलधाऱ्या बायका बाळंतपणात बाळाच्या रडण्यानंतर दुसरा प्रश्न ‘वार पडली का?’ असा विचारतात. वार अडकली तर बाळंतीण जाते, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे आणि ते अगदी खरे आहे. सासूबाईंच्या मनात हीच भीती होती. मग तीच वार डॉक्टर जाणूनबुजून आत ठेवतात, हे त्यांनी कसे मानावे?

याचे उत्तर गर्भाशयाच्या स्नायूंत आहे. दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलीलीटर रक्त जात असते. बाळंतपणानंतर वार सुटते तेव्हा तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्याच क्षणी गर्भाशय घट्ट आवळते. त्याच्या भिंतीतील स्नायूंचे धागे एकमेकांना आडवे-तिडवे विणलेले असल्यामुळे, आवळताना ते मधल्या रक्तवाहिन्या दोरीने बांधाव्यात तशा बंद करतात. वार आत अडकली तर पिशवी आवळू शकत नाही, म्हणून रक्त जाते. थोडक्यात, पिशवीतील वार काढणे सुरक्षित असते, कारण पिशवी आवळते.

आतडे आवळत नाही. ओटीपोटाची भिंत आवळत नाही. तेथून वार ओढून काढली तर उघडी पडलेली तोंडे बंद करणारे कोणीच नसते. प्रौढ स्त्रीच्या शरीरात एकूण रक्त साधारण पाच लीटर. मिनिटाला अर्धा लीटर जाऊ लागले तर किती मिनिटे हाताशी राहतात, हे गणित करण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. पाचव्या महिन्यात हा प्रवाह इतका नसतो, आणि गर्भ गेल्यानंतर तो आणखी कमी होत जातो. तरीही जीव जाण्यास पुरेसा असतो. चिकटलेली वार सोडवताना आतडे फाटण्याचा धोका वेगळाच. अशा वेळी रक्त थांबेना तर पोटात कापडी पॅड दाबून भरून ठेवतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडून ते काढतात. तो अगदी शेवटचा उपाय होय.

म्हणून नियम असा आहे : वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या स्पष्ट दिसत असतील आणि त्या सुरक्षितपणे बांधता येत असतील, उदाहरणार्थ वार केवळ चरबीच्या पडद्यावर किंवा काढून टाकता येईल अशा नळीवर असेल, तर ती काढावी. तसे नसेल तर नाळ वारेच्या जवळ बांधून कापावी आणि वारेला हातही लावू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्याने मोह आवरण्याचा हा प्रकार आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की, पोट उघडे असताना डोळ्यांसमोर दिसणारी वार तशीच ठेवून टाके घालणे हे त्यांना त्या रात्रीचे सर्वांत कठीण काम वाटले.

आत राहिलेली वार हळूहळू सुकते व शरीर ती शोषून घेते. याला महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. दरम्यान तिच्यात जंतुसंसर्ग होऊन पू होणे, उशिरा रक्तस्राव होणे, आतड्याला अडथळा होणे हे धोके असतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वार लवकर विरघळावी म्हणून मेथोट्रेक्सेट देण्याची पद्धत पूर्वी होती. परंतु त्याने वारेचा पुष्कळ भाग एकदम मृत होऊन जंतुसंसर्ग बळावतो असे दिसून आल्याने बहुतेक तज्ज्ञ ते टाळतात. रुग्णाला ठरावीक अंतराने बोलावून सोनोग्राफी करायची आणि रक्तातील एच.सी.जी. या गर्भसंप्रेरकाची पातळी उतरत आहे ना ते पाहायचे, एवढेच करायचे असते.

शस्त्रक्रियेच्या रात्रीची तयारी देणगीदारांच्या माहितीसाठी सांगितली पाहिजे, कारण त्यातला बराचसा खर्च कोणत्याही यंत्रावर नावाची पाटी लावून दाखवता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत आतड्याच्या शस्त्रक्रियेचे सर्जन, दोन भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागात राखून ठेवलेली एक खाट आणि रक्तपेढीत जुळवून ठेवलेल्या रक्ताच्या दहा पिशव्या, शिवाय प्लाझ्मा व प्लेटलेट. यांतील दोन पिशव्या रक्त लागले. बाकीचे परत गेले. हिशेबाच्या भाषेत याला काय म्हणावे, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे पाच दिवस. हा माल गोदामात भरून ठेवता येत नाही आणि ऐन वेळी बाजारातून आणता येत नाही. न वापरलेली तयारी ताळेबंदात कोठेच दिसत नाही. विश्वस्त मंडळापैकी एका सन्माननीय सदस्यांनी मागील बैठकीत रक्तपेढीच्या नासाडीविषयी प्रश्न केला होता. त्यांच्या प्रश्नाला तेव्हा मी आकड्यांत उत्तर दिले. वरील परिच्छेद हे त्याचे उरलेले उत्तर समजावे.

राहिला अनामत रकमेचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेखाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या कुटुंबाची कागदपत्रे आमच्या समाजसेवा विभागाने शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण केली होती आणि उर्वरित रक्कम या निधीतून व एका देणगीदारांच्या साहाय्यातून भागवली होती. डॉक्टरांना अनामत किती जमा आहे याची कल्पनाही नव्हती. तथापि बाकी माफ झाल्याचे कुटुंबाला कोणी नीट सांगितलेच नव्हते. बिलावर शून्य बाकी पाहून, उपचार कमी केले म्हणून बिल कमी आले, असा तर्क त्यांनी केला. माझ्याच खात्यातील ही उणीव आहे.

दुसरी उणीव याहून गंभीर होती. रुग्णाला घरी पाठवताना दिलेल्या कार्डावर वार आत ठेवल्याची नोंद होती, पण इंग्रजीत, चार शब्दांत, औषधांच्या यादीच्या खाली. पुढच्या तपासणीची तारीखही होती. भातलावणीच्या दिवसांत ती तारीख टळली. नंतर पोट जड वाटते म्हणून त्यांनी तालुक्याला सोनोग्राफी केली तेव्हा ते कार्ड सोबत नेले नव्हते. समोर दिसणाऱ्या गोळ्याला त्या डॉक्टरांनी गाठ म्हटले, यात त्यांची काय चूक? तेथे ती गाठ समजून काढायला घेतली असती तर, पुरेसे रक्त हाताशी नसताना, नेमके तेच घडले असते जे टाळण्यासाठी आम्ही ती आत ठेवली होती. सासऱ्यांना राग आला, त्यांनी ऑपरेशनला होकार देण्याआधी आम्हाला जाब विचारला, हे त्या मुलीचे नशीब.

पत्र मिळाले त्याच दिवशी फोन करून त्यांना बोलावून घेतले. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना शेजारी बसवले, मूठ घट्ट आवळून दाखवली आणि म्हणाल्या, ‘मावशी, पिशवी अशी आवळते म्हणून वार पडली की रक्त थांबतं. आतड्याला अशी मूठ नाही.’ सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत बाई?’ आमच्यापैकी कोणाकडेच याला उत्तर नव्हते. सोनोग्राफीत गोळ्याचा आकार शस्त्रक्रियेच्या वेळेपेक्षा कमी झालेला होता, आत रक्तप्रवाह दिसत नव्हता आणि एच.सी.जी. जवळजवळ शून्यावर आले होते. कोणतीही शस्त्रक्रिया केली नाही.

तेव्हापासून ज्या रुग्णाच्या शरीरात वार, नळी, पट्टी किंवा अन्य काही हेतुपुरस्सर ठेवले आहे, अशा प्रत्येक रुग्णास मराठीत छापलेले पिवळे कार्ड देण्यात येते. त्यावर काय ठेवले आहे, का ठेवले आहे, सोनोग्राफीत काय दिसेल, आणि कोणत्याही डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवल्यास आधी कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे ठळक अक्षरांत असते. ताप, पोटात वाढते दुखणे, उलट्या, शौचास न होणे किंवा चक्कर येणे, यांपैकी काहीही झाल्यास तारखेची वाट न पाहता यावे, असेही त्यावर आहे. कार्ड रुग्णाला आणि घरातील आणखी एका व्यक्तीला वाचून दाखवून मगच डिस्चार्जच्या कागदावर सही घेतली जाते. वाचून दाखवण्याचे काम समाजसेवा विभागाकडे आहे.

गरोदर स्त्रियांच्या कुटुंबीयांना एवढेच सांगावयाचे आहे की, दिवस राहिल्यावर पहिली सोनोग्राफी तीन महिन्यांच्या आत करून घ्यावी आणि गर्भ पिशवीत आहे ना, हे तेथेच स्पष्ट विचारावे. सतत पोट दुखत असेल, बाळ हलताना कळ येत असेल, किंवा औषधे देऊनही कळा येत नसतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अशा गर्भधारणेनंतरही अँटी-डी इंजेक्शन लागते. ते राहून गेले आहे काय, याची खातरजमा करावी.

सदर रुग्ण शेवटच्या तपासणीस गेल्या महिन्यात येऊन गेली. गोळा आता लिंबाएवढा उरला आहे. पुन्हा दिवस राहण्याविषयी तिने विचारले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या नळीची तपासणी करून मगच सांगते, असे उत्तर दिले आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली. ती तारीख पिवळ्या कार्डावर सासऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली.